कारण लिहून द्या

नागपुरात गाडीचा एसी ही चैन आहे असं ज्याला वाटतं त्यानं एप्रिलमध्ये संध्याकाळी पाचला उमरेडहून गाडी काढून बघावी. मी एका बँकेच्या उमरेड शाखेत अधिकारी आहे. सकाळी नंदनवनातून निघायचं, दिघोरी नाका ओलांडून पंचेचाळीसेक किलोमीटर जायचं आणि संध्याकाळी तेवढंच परत यायचं, असं माझं अपडाउन. परतताना ऊन समोरून तोंडावर येतं आणि काचेच्या वर ऊन अडवायला लावलेली झडप नुसती शोभेला.

२०२३ च्या एप्रिलमध्ये एके दिवशी एसीतून नुसताच वारा यायला लागला. थंडावा गायब. गाडी २०१९ च्या फेब्रुवारीतली, साडेनऊ लाखांची, ६१ हजार किलोमीटर झालेली. कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी वर्षभरापूर्वीच संपलेली. वाढीव वॉरंटी घ्या म्हणून शोरूमवाल्यांनी तेव्हा बरंच मागे लागून पाहिलं होतं, पण मी पैसे वाचवले आणि वर त्याचं कौतुकही करून घेतलं.

११ एप्रिलला सर्व्हिस सेंटरला नेली. गॅस कमी होता, भरला, २,९५० रुपये. गेला कुठे, असं विचारलं तर म्हणाले, चार वर्षांत थोडा कमी होतोच मॅडम. पटलं. अठरा दिवसांनी पुन्हा वारा. या वेळी कुठल्याशा जोडावरची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, बदलली, पुन्हा गॅस, पुन्हा बिल. १२ मेला तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा मी सर्व्हिस सेंटरऐवजी मानेवाड्याच्या एका एसी मेकॅनिककडे गेले. टपरीवजा दुकान, पण त्याच्याकडे टॅक्सीवाले रांग लावतात. टॅक्सीवाला दोनदा पैसे देत नाही, एवढं मला कळतं.

त्यानं बॉनेट उघडलं, जोडांवर साबणाचा फेस लावला, पुढची जाळी पाहिली. कुठेच बुडबुडा नाही. मग त्यानं गॅसबरोबर चमचाभर पिवळा रंग सोडला आणि सांगितलं, "चार दिवस चालवा ताई, मंग रात्री या. दिवसा दिसत नाही ते."

गाडीच्या एसीत दोन जाळ्या असतात. एक पुढे, रेडिएटरच्या तोंडाशी. तिला दगड लागतो, ती फुटली तर दिसते. दुसरी डॅशबोर्डच्या आत, एका बंद पेटीत. तिला सगळे कूलिंग कॉइल म्हणतात. ब्लोअरची हवा तिच्यातून जाते आणि गार होऊन आपल्यापर्यंत येते. हवेतली वाफ त्या कॉइलवर पाणी होऊन जमते आणि एका नळीतून गाडीखाली टपकते. उन्हाळ्यात उभ्या गाडीखाली दिसणारं पाण्याचं डबकं ते हेच. कॉइल गळत असेल तर बाहेरून कुणालाच दिसत नाही. फक्त ते पाणी चुगली करतं.

रात्री साडेआठला मी गेले. त्यानं दुकानाची ट्यूब बंद केली, मला पिवळ्या काचांचा चष्मा दिला आणि स्वतः जमिनीवर आडवा होऊन जांभळ्या उजेडाची टॉर्च त्या नळीच्या तोंडाशी धरली. पहिले दोन-तीन थेंब साधे पडले. चौथा थेंब नळीच्या टोकाशी लोंबकळला आणि पोपटी रंगात पेटला. अक्षरशः काजवा. खाली फरशीवरही पोपटी ठिपके पसरत गेले. मी मोबाइलवर दीड मिनिटाचं चित्रण केलं. पुढच्या सगळ्या भानगडीत याच दीड मिनिटानं मला सांभाळलं.

"कॉइल गेलं तुमचं," तो हात पुसत म्हणाला. "ह्या गाडीचं कॉइल जातेच. यंदाचं सहावं आहे हे." कोपऱ्यात जुन्या कॉइलांची चळत होती, त्यातलं एक त्यानं उचलून दाखवलं. नळी जिथे जाळीत शिरते त्या कोपऱ्यावर तेलकट हिरवट डाग. दुसरंही तसंच, डाग त्याच कोपऱ्यावर. "आता नवीन येते त्याचा नंबर बदलला. शेवटचं अक्षर पहा."

तो बाहेरचं कॉइल टाकून चौदा हजारांत काम करून द्यायला तयार होता. पण सहा गाड्यांची कॉइलं एकाच कोपऱ्यावर गळतात याचे पैसे मी का द्यायचे, हे काही डोक्यातून जाईना.

१८ मेला पुन्हा सर्व्हिस सेंटर. त्यांच्या एस्टिमेटमध्ये कॉइल ९,६४०, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह १,३८०, डॅशबोर्ड काढण्या-बसवण्याची मजुरी ११,५००, गॅस-तेल ३,१००. कर धरून ३१,३३४ रुपये. मी व्हिडिओ दाखवला आणि म्हटलं, हा तर बनावटीतला दोष दिसतोय. सर्व्हिस ॲडव्हायझर चांगला मुलगा होता. त्यानं विचारलं, "मॅडम, राहता कुठे?"

"नंदनवन."

"म्हणजे नाग नदीजवळ. मग बरोबर आहे."

नाग नदी म्हणजे आमच्या शहराचा उघडा नाला, हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. त्याचं म्हणणं असं की नाल्यातून निघणारा वायू जाळीचा धातू खातो, त्यात कंपनीचा काय दोष. खरं सांगते, मी क्षणभर गप्प झाले. आमच्या घरच्या एसीची तांब्याची कॉइल दोन वर्षांत काळी पडून गेली होती आणि त्याही मेकॅनिकनं नाल्याकडेच बोट दाखवलं होतं. पण मग मी म्हटलं, गाडी दिवसभर उमरेडला उभी असते. तो लगेच म्हणाला, "तिकडे कोळशाच्या खाणी आहेत ना!"

आता मात्र मला हसू आलं. "ठीक आहे," मी म्हटलं, "हेच जॉब कार्डवर लिहून द्या. बिघाडाचं कारण नाग नदीचा वायू किंवा उमरेडचा कोळसा. खाली सही करा."

त्यानं पेन खाली ठेवलं. तसं लिहिता येत नाही म्हणाला. वर्क्स मॅनेजरला बोलावलं. ते म्हणाले, सिस्टीममध्ये तसा ऑप्शनच नाही. मग काय लिहिता येतं? 'ग्राहकाच्या सांगण्यानुसार एसी थंड होत नाही.' एवढंच.

इथे माझी नोकरी कामाला आली. मी रोज ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिते. आरडाओरडा करणाऱ्या ग्राहकाला आम्ही खुर्ची देतो, चहा देतो, तो दमून घरी जातो. जो शांतपणे म्हणतो, 'नाही म्हणताय ना, मग का नाही ते लिहून द्या,' त्याच्यासाठी साहेबांना फोन लावावा लागतो. काउंटरच्या त्या बाजूला मी वीस वर्षं बसले आहे. तोंडी सांगितलेलं कारण आणि सही केलेलं कारण यांत किती अंतर असतं ते मला कुणी शिकवायला नको होतं.

त्याच इमारतीत स्पेअर पार्टचा काउंटर. तिथल्या माणसाला मी जुन्या कॉइलचा नंबर देऊन कोटेशन मागितलं. त्यानं नंबर टाकला, यंत्रानं आपणहून नवा नंबर दाखवला, शेवटचं अक्षर बदललेला. कोटेशनवर दोन्ही नंबर छापून आले. नंबर बदलला म्हणजे कंपनीनं दोष कबूल केला असं नव्हे. पुरवठादार बदलला, किंमत बदलली तरी नंबर बदलतात. पण मला कबुलीजबाब नकोच होता. प्रश्न विचारता येईल असा एक कागद हवा होता, तो त्यानं बिनदिक्कत शिक्का मारून दिला.

पुढचा आठवडा मी फोनवर घालवला. मेकॅनिकनं त्याच्या दोन गिऱ्हाइकांना विचारून त्यांचे नंबर दिले, बाकीचे ओळखीतून निघाले. एकूण सात जण. प्रत्येकाला चारच गोष्टी विचारल्या: गाडी कधीची, किती चालली, कॉइल कधी गेलं, गाडी उभी कुठे असते. पाच गाड्या २०१८-१९ मधल्या निघाल्या. आणि त्यात होते काटोलचे एक काका, ज्यांची गाडी संत्र्याच्या बागेत उभी असते. जवळ नाला नाही, खाण नाही. कॉइल गेलं ५३ हजारांवर, काकांनी मुकाट्यानं २८ हजार मोजले. "आपलंच नशीब म्हटलं नं बाई," ते म्हणाले. संत्र्याच्या फुलांच्या वासानं ॲल्युमिनियम गळतं असं सर्व्हिस सेंटरनं अजून तरी म्हटलेलं नव्हतं.

दरम्यान कंपनीच्या टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवली होती. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कंपनीनं डीलरला विचारलं, डीलर म्हणाला ग्राहक पैसे द्यायला तयार नाही, तक्रारीचं तिकीट बंद. ही युक्ती मला पाठ आहे. मी ईमेलनं तिकीट पुन्हा उघडायला लावलं आणि त्यात एकच ओळ लिहिली: तक्रार कोणत्या कारणानं निकाली निघाली ते कळवावे. पुन्हा बंद. पुन्हा तीच ओळ. चार वेळा.

मावसभाऊ वकिली करतो, त्याच्याकडे गेले ते मोठ्या तोऱ्यात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाच्या दायित्वाचं आख्खं प्रकरण आहे असं वाचून गेले होते. त्यानं पहिल्या पाच मिनिटांत हवा काढली. ते प्रकरण सदोष वस्तूमुळे माणसाला इजा झाली, दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं तर. खुद्द वस्तूच खराब झाली तर ते नुकसान त्यात मोजत नाहीत. "तुझं काम साध्या 'दोष' आणि 'सेवेतील त्रुटी' यातच बसतं," तो म्हणाला. पण चांगल्या बातम्याही होत्या. वॉरंटी संपली म्हणून मुळातल्या दोषाची तक्रार करता येत नाही, असं कायद्यात कुठे नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. ५० लाखांपर्यंतच्या वस्तूची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात, आणि तीही आपण राहतो तिथे, म्हणजे मला कंपनीच्या गावी जायची गरज नव्हती. फी मोजली जाते वस्तूला दिलेल्या किमतीवर. साडेनऊ लाखांच्या गाडीला २०० रुपये. आमच्याकडे लॉकरची चावी हरवली तर याच्या कितीतरी पट पडतात.

मग त्यानं खरी अडचण सांगितली. दोष बनावटीतला आहे हे सिद्ध कोण करणार? तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, पण पाठवायला ती वस्तू पाहिजे. "मानेवाड्याला जाऊन कॉइल बदललंस की केस संपली. ते गाडीतच राहू दे." थोडक्यात, पुरावा जपायचा म्हणजे नवतपा, मेअखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, बिनाएसीचा काढायचा.

रिकॉलचा रस्ताही पाहून ठेवला. कंपन्या आपणहून गाड्या परत बोलावतात ती पद्धत आपल्याकडे २०१२ पासून आहे. सियाम या वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या साइटवरून कंपनीच्या पानावर जाऊन चासी नंबर टाकून पाहता येतं. माझ्या नंबरापुढे काही नव्हतं. सरकारी सक्तीचा रिकॉल मोटार वाहन कायद्याच्या कलम ११० अ खाली येतो. नियम एप्रिल २०२१ पासून लागू, गाडी सात वर्षांच्या आतली हवी, आणि दोष पर्यावरणाला, गाडीतल्यांना किंवा रस्त्यावरच्यांना धोका करणारा हवा. एसी बंद पडल्यानं माणूस उकडतो, मरत नाही, असं बहुधा दिल्लीचं मत असावं. पण पर्यावरण हा शब्द मला आवडला. गाडीत भरतात तो आर-१३४ए वायू हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट. माझ्या गाडीत एका वेळी साडेचारशे ग्रॅम, तीनदा उडाला. म्हणजे जवळपास दोन टन कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचा वायू मी उमरेड रोडवर सांडत गेले होते. परिवहन मंत्रालयाच्या पोर्टलवर मी तशी तक्रार टाकलीसुद्धा. त्या पोर्टलवर ठरावीक संख्येनं तक्रारी जमल्याशिवाय चाक हलत नाही, त्यामुळे माझी तिथे एकटीच बसून राहिली.

२४ मेला पत्र पाठवलं. रजिस्टर्ड पोस्ट, पोचपावतीसह, एक कंपनीच्या मुख्य कार्यालयाला, एक डीलरला. दीड पान. तारखा, किलोमीटर, तीन बिलं, चित्रणाची लिंक, दोन नंबरांचं कोटेशन, सात गाड्यांचा तक्ता. त्यात मालकांची नावं न घालता फक्त वर्ष, किलोमीटर आणि गाव. विशेषणं सगळी खोडली. पहिल्या मसुद्यात 'फसवणूक' हा शब्द तीनदा होता, तो गेला. शेवटी तीन प्रश्न: माझ्या गाडीच्या कॉइलच्या गळतीचं कारण काय? कॉइलचा नंबर बदलताना त्यात कोणता बदल केला? आणि विनामूल्य बदलून देणार नसाल तर कोणत्या कारणास्तव? पंधरा दिवसांत लेखी कळवावे.

दुसऱ्या दिवशी नवतपा लागला. काचा उघडल्या तर लू, बंद केल्या तर भट्टी. मी ओला दुपट्टा डोक्याला बांधून गाडी चालवायची. दिघोरीपर्यंत तो कडक वाळलेला असायचा. स्टीअरिंगला सुती मोजे घालून हात लावायचा. नवरा रोज रात्री म्हणायचा, अगं, चौदा हजारांचा प्रश्न आहे. एक-दोनदा मीही फोन उचलून मेकॅनिकचा नंबर काढला होता.

पंधरा दिवस कोरडे गेले. १२ जूनला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. ही हेल्पलाइन कुणाला हुकूम देऊ शकत नाही, ती फक्त तक्रार कंपनीकडे ढकलते. पण ती कंपनीत जिथे पोचते ते टेबल टोल फ्रीवाल्यांच्या टेबलापेक्षा वेगळं असावं. १९ जूनला कंपनीच्या एरिया सर्व्हिस मॅनेजरचा फोन आला. आवाज गोड, मराठी पुण्याची.

"मॅडम, आम्ही गुडविलमध्ये पार्टवर पन्नास टक्के देऊ शकतो."

गुडविल म्हणजे काय, तर वॉरंटी नसताना, दोष मान्य न करता, मेहरबानी म्हणून केलेलं काम. मी म्हटलं, "माझ्या तीन प्रश्नांची उत्तरं?" ते म्हणाले, ते टेक्निकल टीमकडे आहे. मी म्हटलं, मग येऊ द्या, मी थांबते. दोन दिवसांनी पार्ट पूर्ण फुकट, मजुरी माझी. पण इथे खरा खर्च मजुरीचाच. नऊ हजारांच्या वस्तूपर्यंत पोचायला अकरा हजारांचा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. मी पुन्हा प्रश्नांवर आले. "मॅडम, तुम्हाला काम पाहिजे की उत्तर?" त्यांचा आवाज पहिल्यांदा जरा चढला. "दोन्हींपैकी एक," मी म्हटलं. "लेखी उत्तर दिलंत तर मी ते घेऊन आयोगात जाईन, काम दिलंत तर जाणार नाही. तुम्ही ठरवा."

२३ तारखेला ठरलं. कॉइल, व्हॉल्व्ह, मजुरी कंपनीकडे, गॅस आणि तेल माझ्याकडे. आधीच्या गॅसचे पैसे परत नाहीत. त्यावर मी फार ताणलं नाही, कारण तोपर्यंत मीही विटले होते.

२८ जूनला गाडी सर्व्हिस सेंटरला दिली. दुपारी बघायला गेले तर पुढच्या दोन्ही खुर्च्यांमध्ये वायरींचं जंगल आणि आख्खा डॅशबोर्ड शेजारी गोणपाटावर पालथा, कासव उलटं पडावं तसा. तिथल्या मेकॅनिकनं ब्लोअरची पेटी उघडली आणि आतून काहीतरी हातावर ओतून मला दाखवलं. तांदूळ. पिवळट, कुंकवाचा डाग लागलेले पंधरा-वीस दाणे. २०१९ च्या गाडीपूजेच्या अक्षता काचेखालच्या जाळीतून आत गेल्या होत्या आणि चार वर्षं तिथे बसून होत्या. जुनं कॉइल मी मागितलं. मिळालं नाही, गुडविलचा पार्ट कंपनीकडे परत जातो. पण हातात घेऊन फोटो काढू दिले. डाग त्याच कोपऱ्यावर.

गाडी परत देताना त्यांच्याकडून एक छापील कागद पुढे आला. माझी तक्रार पूर्ण समाधानानं मिटली असून बिघाड बाह्य कारणांमुळे झाल्याचं मला मान्य आहे, इत्यादी. पहिल्या अर्ध्यावर सही करायला माझी हरकत नव्हती. दुसरं अर्धं मी रेघ मारून खोडलं, बाजूला आद्याक्षरं टाकली आणि मगच सही केली. तो ॲडव्हायझर मुलगा बघत राहिला. "मॅडम, असं खोडता येतं?" कर्जाच्या कागदांवर वीस वर्षं लोकांना न वाचता सह्या करताना पाहिलं आहे मी, त्याला काय सांगणार. बिलावर मात्र नवा पार्ट नंबर आणि त्यापुढे शून्य रुपये असं छापून घेतलं, कारण बदललेल्या पार्टची स्वतंत्र वॉरंटी बिलावरूनच मोजतात. मी भरले ३,६५८.

बाहेर पडले तेव्हा पाऊस लागला होता आणि एसी हिमालयासारखा गार. तेव्हापासून ग्लव्ह बॉक्सच्या मागे कुठेतरी एक क्लिप खडखडते. दोनदा दाखवली, सापडत नाही.

आठवड्यानं सर्व्हिस सेंटरमधून त्या मुलाचा फोन. "मॅडम, कंपनीतून फीडबॅकचा कॉल येईल. प्लीज दहापैकी दहा द्या." दिले. त्याच्याशी माझं भांडण नव्हतंच.

काटोलच्या काकांनी माझ्या पत्राची प्रत मागून घेतली आणि त्यात आपला चासी नंबर घालून पाठवली. त्यांनी आधीच पैसे भरून काम करून घेतलेलं, जुनं कॉइल भंगारात गेलेलं. तीन महिन्यांच्या पत्रापत्रीनंतर त्यांना पुढच्या दोन सर्व्हिसिंगमध्ये मजुरी माफ मिळाली. त्यांनी मला संत्र्याची पेटी पाठवली आणि वर चिठ्ठी: कारण मलाही लिहून दिलं नाही.